पडवळाचा दगड

टप्.

मी हातातली शेंग मोडायची थांबले. दुपारचे दोन वाजले होते. वीज गेल्यामुळे पंखा बंद, माझी पोर तुंबी चटईवर पालथी झोपलेली, आणि घर इतकं गप्प की बाहेर सुपारीची झावळी हलली तरी ऐकू यावी. पुन्हा आलं. टप्. रिकाम्या पातेल्यात पाण्याचा थेंब पडतो तसं.

मोरीतला नळ पाहिला. कोरडा होता. मग कळलं, आवाज मधल्या दाराच्या पलीकडून येतोय.

पलीकडे आमच्या घरमालकीण राहतात, रोसी चेडत्ती, म्हणजे रोसीताई. घर एकच. पुढचा अर्धा त्यांचा, मागचा अर्धा आमचा. मधल्या दाराला कडी आहे, पण आम्ही इरिंजालकुड्याला राहायला आलो त्याला चार वर्षं झाली, ती लावलेली मी पाहिलेली नाही. चेडत्ती चर्चमधल्या बायकांच्या बैठकीला गेल्या होत्या. मी दार ढकलून त्यांच्या झोपायच्या खोलीत गेले.

खाट खिडकीपासून उचलून पार समोरच्या भिंतीला नेलेली. खाटेवर मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या वर जेवणाच्या टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक, चारी टोकांना दोरी लावून ताणून बांधलेलं. खाटेच्या जुन्या जागी पेजेचं पातेलं. छताला परातीएवढा काळपट ओलावा, आणि त्याच्या मधोमध पुढचा थेंब सावकाश भरत होता.

आठ दिवसांत पावसाचा टिपूस नव्हता. ओणम तीन दिवसांवर आलेला, बाहेर पिवळंधमक ऊन. म्हणजे हे पाणी आभाळाचं नव्हतं. सकाळी सहा बादल्या भरून मीच ते गच्चीवर नेलं होतं.

तुंबी तीन वर्षांची असताना आमच्या बायकांच्या गटात एक बाई व्याख्यान देऊन गेल्या. भाज्यांवर काय काय फवारतात ते त्यांनी इतकं नीट सांगितलं की घरी येऊन मी कढीलिंबाचं पान न् पान पुसून घेतलं. मग रोजच सुरू झालं. भेंडी चिंचेच्या पाण्यात, वांगी हळदीच्या पाण्यात, सगळं अर्धा अर्धा तास. माझा नवरा खासगी बसवर कंडक्टर आहे. मी त्याला एट्टन म्हणते. तो स्वयंपाकघरात डोकावून म्हणायचा, "अजून किती वेळ अंघोळ चाललीय यांची? मला पावणेसातची फेरी आहे."

गावात विषमुक्त भाजीचं एक दुकान होतं. तिथे एकदा गेले. पाव किलो भेंडीचे पैसे ऐकले आणि ती भेंडी टोपलीत परत ठेवली, अगदी हळू, झोपलेलं मूल खाली ठेवतात तशी. बस दुरुस्तीला गेली की एट्टनला त्या दिवसाची मजुरी नसते. दूध, भाडं, गॅस यांतून उरेल त्यात ती भेंडी बसत नव्हती.

हे मी चेडत्तींना सांगितलं, तेव्हा त्या पायरीवर बसून तारल्या साफ करत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "माझ्या गच्चीवर दिवसभर ऊन पडतं आणि माझे दोन झगे वाळवून निघून जातं. त्याला काहीतरी काम दे, मोळे."

मोळे म्हणजे पोरी. त्या मला नावानं क्वचितच हाक मारतात.

मग बत्तीस पिशव्या गच्चीवर गेल्या. माती भरलेल्या, एकेक कडेवर घेऊन नेलेल्या. चेडत्तींनी तारल्यांची डोकी आणि गूळ बरणीत घालून तिचं तोंड फडक्यानं बांधलं आणि जिन्याखाली ठेवून दिली. तीन आठवड्यांत त्यातून झाडांना घालायचं असलं औषध तयार झालं की गल्लीतली चार मांजरं जिन्यावर मुक्कामाला आली. एट्टन कामावरून आला की त्यांना म्हणायचा, "चला, पुढे सरका, उतरणाऱ्यांना वाट द्या."

पिशव्यांखाली विटा ठेवाव्यात असं सगळे सांगतात. विटा विकत आणाव्या लागतात. नारळाची सोडणं, म्हणजे वरची केसाळ सालं, आमच्याकडे पडलेलीच असतात, म्हणून मी प्रत्येक पिशवीखाली चार-चार सोडणं पालथी घातली. ती पाणी धरून ठेवायची, मुळं गार राहायची. गटाच्या बैठकीत मी उभी राहून हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आमच्या गल्लीत आणखी तिघींनी तसंच केलं.

तुंबीचं काम पडवळाचं. कोवळं पडवळ वेटोळं घालू नये म्हणून त्याच्या शेंड्याला सुतळीनं दगड बांधतात, म्हणजे ते सरळ लांब होतं. दगड ती निवडायची. फार जड झाला तर पडवळ तुटतं, हलका असला तर ऐकत नाही. रस्त्यानं जाताना वाकून वाकून दगड उचलायची, तळहातावर जोखायची, आणि म्हणायची, "हा मधल्याला." ताटात पडवळाची भाजी आली की विचारायची, "हे कुठल्या दगडाचं?" आणि मला ते ठाऊक असायचं. भाजी न खाणारं पोर म्हणून जिची ओळख होती ती चवळीच्या शेंगा कच्च्याच खाऊ लागली.

आणि ऊन सगळ्यात चांगलं पडतं तो कोपरा नेमका चेडत्तींच्या खाटेवर येत होता.

चार वाजता चेडत्ती आल्या. छत्री कोपऱ्यात टेकवली, मला त्यांच्या खोलीत उभी पाहिलं आणि सरळ पातेल्याकडे पाहिलं.

"हे काय आहे, चेडत्ती?"

"मच्छरदाणी."

"आणि तिच्यावर टेबलाचं प्लास्टिक?"

"हल्लीचे डास वरून येतात."

"मागे खाट हलवलीत तेव्हा म्हणालात, डॉक्टरांनी पूर्वेकडे पाय करून झोपायला सांगितलंय."

"डॉक्टर काय, काहीही सांगतात." त्या खाटेवर बसल्या. "ईस्टरपासून येतंय थोडं थोडं. लोकांना चर्चमध्ये जाऊन पवित्र पाणी शिंपडून घ्यावं लागतं. मला घरबसल्या मिळतंय."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू सगळं खाली उतरवलं असतंस. मी ओळखत नाही होय तुला?"

त्यांनी चप्पल काढली, पाय वर घेतले.

"बत्तीस वर्षं शाळेत पेज न् मूग शिजवले मी. पोत्यातून निघेल ते. तांदळात किडे असले तर निवडायचे, मुगाला वास आला तर दोनदा धुवायचे. तीनशे पोरं ताटल्या घेऊन उभी असायची, आणि एकदाही मला असं वाटलं नाही की हे मी निवडून वाढतेय. आता एका पोरीच्या ताटात वाढतेय. पातेल्यात चार थेंब पडले तर माझं काय जातंय?"

"आणि जोणीचेट्टन ओणमच्या दिवशी येतायत," मी म्हटलं.

जोणी त्यांचा मुलगा. कुवेतला असतो. घर गळू नये म्हणून गच्चीवर पत्र्याचं छप्पर घालायचं असं तो दोन वर्षं म्हणतोय आणि चेडत्ती दोन वर्षं टाळतायत. पत्रा म्हणजे सावली. सावलीत ना पडवळ, ना भेंडी, ना काही.

"त्यानं मान वर केली नाही म्हणजे झालं," चेडत्ती म्हणाल्या. मग खाटेखालून एक पुडी आणि कुंचला काढला. "चुना आणून ठेवलाय. माझे गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत. तू चढ. आठ दिवसांनी तो जाईल परत."

खरं सांगायचं तर मी चढले. मला नाही म्हणता आलं नाही, आणि म्हणायचंही नव्हतं. तुंबी उठून आली होती, तिनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं. चेडत्ती खालून सांगत होत्या, डावीकडे, अजून डावीकडे. तिघी मिळून चोरी करतोय असं वाटून आम्हाला हसू येत होतं.

कुंचला टेकवला मात्र, आणि छताची बशीएवढी खपली सुटून माझ्या खांद्यावरून खाली गेली आणि फरशीवर फुटली. आत गंजलेली सळई दिसली. मी बोटानं आजूबाजूचं खरवडलं तर वाटलेल्या खोबऱ्यासारखं हाताला आलं.

खपली पडली तिथे ईस्टरपर्यंत चेडत्तींची उशी होती.

मी खाली उतरले, कुंचला पाण्यात घातला.

"चेडत्ती, पिशव्या उतरवायच्या."

"विटा घालू की खाली. मी आणते विटा."

"आता विटांनी काय होणार? स्लॅबच कुजलाय. माझ्या सोडणांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी करून एट्टन लवकर आला. चेडत्ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मांडी घालून बसल्या होत्या.

"न्यायच्या तर माझ्या अंगावरून न्या."

एट्टननं त्याची शिट्टी तोंडात घातली, एकदा वाजवली आणि म्हणाला, "चेडत्ती, पायरीवर उभं राहू नका, आत भरपूर जागा आहे. सुट्टे काढून ठेवा."

त्या न हसण्याचा पुष्कळ प्रयत्न करत होत्या. शेवटी उठल्या आणि झग्याची बाही डोळ्यांना लावत म्हणाल्या, "मेल्या, तुझ्या बसमध्ये कोण बसतं रे."

मग त्याच पुढे झाल्या. कुठली पिशवी कुणाला, हे त्यांनीच ठरवलं. वांगी पलीकडच्या दोघींना, माठ चर्चच्या सिस्टरांना. भेंडीच्या दोन पिशव्या एट्टननं संध्याकाळच्या फेरीला मागच्या सीटवर बसवून बहिणीकडे पाठवल्या. एक अर्धं तिकीटही फाडलं म्हणाला, भेंडी बारा वर्षांखालची होती. सोडणं वापरणाऱ्या तिघींकडे मी स्वतः गेले आणि काढून टाका म्हणून सांगितलं. टाळ्या घेतल्या होत्या, तर हेही मलाच सांगायला हवं होतं.

पडवळं पाच होती. तुंबीनं प्रत्येकाचा दगड स्वतः सोडला आणि फ्रॉकच्या खिशात टाकला. फ्रॉक एका बाजूनं गुडघ्याखाली गेला.

ओणमच्या दिवशी पुढच्या खोलीत केळीची पानं मांडली. अवियलमध्ये गच्चीवरचं होतं नव्हतं ते सगळं घातलं होतं, पाच दगडांचं पडवळसुद्धा. जोणीचेट्टननं तीनदा अवियल मागून घेतलं. चौथ्यांदा वाढायला वाकले तेव्हा मी म्हणाले, "तुमच्या अम्मच्चींच्या खोलीचं छत गळतंय. ते पाणी माझं होतं. माझ्या पिशव्यांचं."

त्याचा हात थांबला. उष्ट्या हातानंच उठून तो आत गेला. आतून प्लास्टिक काढल्याचा कर्रकर्र आवाज आला. बाहेर येऊन तो आईसमोर उभा राहिला.

"अम्मच्ची, तू ईस्टरपासून अशी झोपतेस?"

"तुला फोनवर काय सांगायचं, आई प्लास्टिकखाली झोपते म्हणून? तू विमानात बसला असतास."

"बसलोच असतो."

"म्हणूनच. जिषा, वाढ गं त्याला. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी बोलतो."

तो पानावर बसला. बराच वेळ भात कालवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अशी भाजी मी लहानपणी खाल्ली होती. त्यानंतर आजच." आणि थोड्या वेळानं, "पण पत्रा घालावा लागेल."

"घाला," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात माणसं आली. आधी छत दुरुस्त केलं, मग लोखंडी खांब उभे करून निळा पत्रा ठोकला. चेडत्तींची खाट खिडकीजवळ परत आली. मच्छरदाणीवरचं प्लास्टिक टेबलावर गेलं. त्याला चारी कोपऱ्यांना दोरीची भोकं आहेत, पाहुण्यांना ती नक्षी वाटते.

सहा पिशव्या मी विटांवर कुंपणाच्या भिंतीशी ठेवल्यात. तिथे सकाळी दोन तास ऊन येतं. आलं, हळद, मिरची, कढीलिंब, एवढं जगेल असं चेडत्ती म्हणतात. रोज चहाचा पेला घेऊन त्या पिशव्यांशी उभ्या राहतात आणि ऊन भिंतीवरून उतरायची वाट बघतात. उशीर झाला तर त्याला ओरडतात. बरणीही चालू आहे, त्यामुळे मांजरंही आहेत. बाकीची भाजी आता पुन्हा बाजारातून येते आणि अर्धा तास चिंचेच्या पाण्यात पडून राहते.

काल तुंबीला घेऊन बाजारात गेले. घाटापलीकडून आलेली लॉरी नुकतीच रिकामी झाली होती. भाजीवाल्यानं पडवळं एकावर एक रचून ठेवली होती, सगळी एका मापाची, काठीसारखी सरळ. तुंबीनं त्यातलं एक दोन्ही हातांनी ओढून काढलं. त्याचा शेंडा डोळ्यांजवळ नेला, बोटानं चाचपला, सुतळीचा वळ कुठे दिसतोय का ते उलटसुलट करून पाहिलं. मग खिशातून स्वतःचा एक दगड काढून तळहातावर जोखला आणि मान वर करून मला विचारलं,

"अम्मा, याला दगड कुणी बांधला होता?"