नाल्याकाठच्या गवताचा काढा

जुन्या गोदामाबाहेर सकाळपासून ही झुंबड! आत एक बाबा वाटीभर हिरवा काढा पाजायचा आणि घटकाभरात मेलेली माणसं म्हणे समोर येऊन बोलायची. बाबाची बडबड तर काय वर्णावी! "औषधं म्हणजे आत्म्याच्या खिडकीला लावलेली कुलपं. गोळ्या सोडा, लेकरू दिसेल." वा रे पठ्ठ्या!

याच वाक्याने गुरांच्या डॉक्टरीणबाईंचं पित्त खवळलं. रांगेत त्यांची सख्खी थोरली बहीण होती. ताईचं हृदय अधू, त्यात वर्षापूर्वी तरणा मुलगा गेलेला. बारा दिवस तिने गोळीला हात लावला नव्हता.

चेले कोणतं गवत कापतात ते बाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नाल्याकाठचं साधं रानगवत! महिन्यापूर्वी तेच चरलेल्या मेंढ्या त्यांच्याकडे आल्या होत्या. झोकांड्या खात होत्या, समोर काही नसताना बुजत होत्या.

त्यातलीच एक बरी न झालेली मेंढी त्यांनी गोदामाच्या दारात आणली. "बघा! या गवतातच मेंदूला भास घडवणारं द्रव्य आहे. हिला झालं तेच तुम्हाला होतंय. चमत्कार-बिमत्कार काही नाही!"

मेंढी मान हलवत गुडघ्यांवर बसली. पुढे उभा असलेला न्हावी ओरडला, "अहो, मुक्या जनावरालाही दर्शन झालं! नमस्कार करतेय बघा!" बाबा कसला पक्का! त्याने मेंढीला उचलून शेजारी आसनावरच बसवलं. लोक तिच्याही पाया पडू लागले.

बाईंनी ताईला बाजूला ओढलं. "ताई, तुला तरी पटतंय ना?"

"पटतंय गं. गवतच आहे ते."

"मग गोळी घे ना!"

"गोळीने मी जगेन. वाटी घेतली की तो 'आई' म्हणतो." ताई दम खात म्हणाली, "तो गेल्यावर तू किती वेळा आलीस? बाबा रोज माझ्यापाशी बसतो."

चौथ्या दिवशी ताई गेली. "लेकाला भेटायला गेली," बाबा म्हणाला आणि रांग दुप्पट झाली.

लोकहो, गवताने भास होतात, मेलेलं माणूस येत नाही. कुणाच्या सांगण्यावरून गोळी सोडू नका. आणि ज्याचं लेकरू गेलंय त्याच्या घरी बाबाच्या आधी तुम्ही जाऊन बसा.