फाटकावरचा आडवा बांबू

मी एक जुना बांबू आहे, मित्रांनो. एका अंगाने चिरलेला, कमरेला तार गुंडाळलेला. धुळ्याला देवपुरात मंडपवाल्या रुपचंद आबांच्या गोदामात भिंतीला टेकून असतो. ही चीर कशी पडली ते सांगतो. ऐकायला गोड नाही.

माझा जन्मच कोयत्याखाली झाला. बांबूच्या बेटातून मला तोडलं, अंग तासलं आणि शिरपूरकडच्या एका मळ्यात केळीच्या घडाखाली टेकू म्हणून रोवलं. एका उन्हाळ्यात वादळ सुटलं. मान मोडावी तशा केळी कडाकड मोडल्या, पडता पडता शेजारणीला घेऊन गेल्या. सकाळी मळ्यात नुसता खच. माझ्या भरवशावरची केळ तेवढी उभी होती. मळ्याच्या मालकीण कुंदाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. तेव्हा मला वाटलं, बांबूचं काम हेच. पडणाऱ्याला धरायचं.

पुढे आबांनी मला विकत आणलं. मी लग्नांचे मंडप पेलले, झेंडूच्या माळा अंगावर मिरवल्या. आणि मग तो एप्रिल आला.

कॉलेजात पहिल्यांदाच रोजगार मेळावा भरला होता. सगळी धावपळ मयुरीवर, दुसऱ्या वर्षाची पोर. तिचा आतेभाऊ भूपेंद्र दोंडाईच्याकडचा. आयटीआय करून वायरमन झालेला, पण घरीच बसलेला. पंपाच्या कंपनीत त्याचं काम होईल, असा शब्द मयुरीने आत्याला दिला होता.

मंडपाचं सगळं कापड स्टेजला गेलं. बाहेरची पोरं आवरायला मला फाटकात आडवा बांधलं.

आत सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फोटो. पुन्हा शाल, नारळ, फोटो. बाहेर पोरांच्या फायली घामाने भिजत होत्या. आबांनी मयुरीला गाठलं, उन्हात उभी सगळी पोरं दाखवली.

"पोरी, बठ्ठा पोरे उनमा शेतस. फाटक उघड."

ती स्टेजकडे धावली. मेळावा भरवणाऱ्या सरांनी सांगितलं, पाहुण्यांचा मान आधी. मध्येच थांबवलं तर पुढच्या वर्षी कोण येईल? ती परत आली आणि दोरीला हात न लावता माझ्याजवळ उभी राहिली.

दुपार कलली तेव्हा माइकवरून पुकारा झाला. कंपन्यांच्या लोकांना लवकर निघायचं आहे, आधी पोचतील त्यांचीच मुलाखत होईल.

मित्रांनो, त्या क्षणी मागची पोरं पुढच्यांवर कोसळली. पुढच्यांच्या बरगड्या माझ्यावर रुतल्या. मयुरी ओरडत होती, मागे कुणाला ऐकू जात नव्हतं. दोरी तुटली. हितेंद्र नावाचा स्वयंसेवक, जो सकाळपासून पाणी वाटत होता, तो गर्दीला रेटू लागला. कुणीतरी त्याच्या थोबाडीत दिली, कुणी त्याचा सदरा फाडला. त्याने मला उचललं.

मी एकाच्या खांद्यावर बसलो, मग दुसऱ्याच्या पाठीत. एकाच्या कानशिलाला लागलो आणि त्याचं रक्त माझ्या पेरात उतरलं. खाली एक मुलगी पडली होती, तिच्या अंगावरून बूट-चपला जात होत्या. भूपेंद्र वाकून तिला ओढत होता. पुढचा वार त्याच्या उजव्या मनगटावर आला. त्याचं हाड मोडलं आणि मी चिरलो. आवाज एकच झाला.

गर्दी स्टेजवर चढली. सत्काराच्या नारळांचं पोतं कुणीतरी उपडं केलं आणि नारळ उडू लागले. एक नारळ सरांची भुवई फोडून गेला. कंपन्यांची माणसं मागच्या दाराने गाड्यांत बसून निघून गेली.

मयुरी आपल्या ओढणीने भूपेंद्रचा लोंबता हात बांधत होती. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "मयुरी, आता टेस्टर कोणत्या हाताने धरू?"

आबा मला चुलीत घालणार होते, पण राहून गेलं.

नंतरच्या बैठकीत सगळे म्हणत होते, पोरं माजलीत, मेळावा पुन्हा नको. मयुरी उठली. "पोरं माजली नव्हती, सर. त्यांना उन्हात ठेवून आपण नारळ वाटत बसलो. मला दिसत होतं, तरी मी फाटक उघडलं नाही." सरांनी कपाळावरच्या पट्टीला हात लावला. मग म्हणाले, पुढच्या वर्षी तू सांगशील तसं.

पुढच्या वर्षी स्टेज नव्हतं. पाहुण्यांना चहा दिला आणि टेबलाशी बसवलं. दोंडाईच्याच्या पोरांना सकाळची वेळ, शिरपूरच्यांना दुपारची. आबांनी माझ्या चिरीवर तार आवळली. हितेंद्रने फाटकापाशी खड्डा खणला, मला त्यात उभा केला आणि पहारीने माती ठोकू लागला.

भूपेंद्र लवकर आला. चीर पाहून थांबला. तिच्यावर हात ठेवला. मनगट पुरतं वळत नव्हतं.

"हाच ना तो?"

हितेंद्रची पहार थांबली. "हाच. आणि मारणारा हात माझा होता."

भूपेंद्रने मला दोन्ही हातांनी धरलं. मला वाटलं, आता मी पुन्हा उचलला जाणार. तो म्हणाला, "मग नीट रोव. वाकडा उभा केलायस."

दोघांनी मिळून माझ्या पायाशी माती दाबली, डोक्यावर कापड ताणलं. दुपारी कंपनीच्या माणसाने भूपेंद्रला पंपाच्या मोटारीची वायर जोडून दाखवायला सांगितली. त्याने ती डाव्या हाताने जोडली. वर्षभर तेच शिकत होता. सोमवारी ये, म्हणाले. बाहेर येऊन तो माझ्या सावलीत बसला आणि त्याने आईला फोन लावला.

मित्रांनो, मला हात नाहीत. तुम्ही उचलाल तसा मी उठतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, असे मेळावे भरवाल. फाटकात पोरं ताटकळताना दिसली, तर आधी त्यांच्या डोक्यावर पाहा. तिथे ऊन असेल, तर मला आडवा बांधू नका. उभा करा.