इंग्रजीच्या बाई

इंग्रजीच्या बाईंची पुतणी इंग्रजीत बोलत होती आणि बाई खिडकीआड उभ्या राहून ऐकत होत्या. बाईंच्या तासाला मूग गिळून बसणारी ही पोर शहरातून आलेल्या मुलीला आपल्या शेळीची गोष्ट सांगत होती. निम्मे शब्द चुकीचे, पण गाडी थांबायचं नाव घेत नव्हती.

तीन तरुण मुलं पंधरवड्यासाठी गावच्या शाळेत हौसेनं शिकवायला आली होती. त्यातली ही मुलगी सारखी किलबिलायची, म्हणून पोरांनी तिचं नाव चिमणीताई ठेवलं. मधल्या सुट्टीत पोरं तिला गुळाला मुंगळे चिकटावेत तशी चिकटत. शाळेला पत्र्याचं छप्पर होतं तेव्हापासून बाई इथं एकट्यानं इंग्रजी शिकवत होत्या. त्यांच्यामागं असं कुणी कधी धावलं नव्हतं.

चिमणीताई त्यांच्याशीही इंग्रजीत बोलायला बघे. बाई खडू शोधायचं निमित्त करून सटकत. उभ्या जन्मात त्या वर्गाबाहेर कुणाशी इंग्रजीत बोलल्या नव्हत्या. गावात होतं कोण बोलायला?

संध्याकाळी भांडी विसळताना त्यांनी पुतणीला सहज विचारावं तसं विचारलं, तिच्याशीच बरी जीभ सुटते तुझी?

"काकू, तिच्यासमोर चुकायला भीती वाटत नाही," पुतणी म्हणाली.

बाईंनी तेच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या हेडमास्तरांकडे गेल्या. परीक्षा तोंडावर आली, पोरं खेळातच रमलीत, पालकही कुरकुर करताहेत, असं त्यांनी सांगितलं. पालकांचं तेवढं खोटं होतं. हेडमास्तरांनी आजवर बाईंचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्यांनी पाहुण्यांना गोड बोलून लवकर निघायला सांगितलं.

निरोपाच्या सकाळी पोरांनी रडून शाळा डोक्यावर घेतली. कुणी चिमणीताईच्या ओढणीला लोंबकळलं, कुणी जीपसमोर बसलं. बाई फाटकापाशी उभ्या होत्या. जिंकलेल्या माणसाला वाटायला हवं तसं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

चिमणीताई वाट काढत त्यांच्यापाशी आली आणि वाकून पाया पडली.

"बाई, एक राहूनच गेलं. पोरं पहिल्या दिवसापासून सांगत होती, तुम्ही शिकवा हो, पण आमच्या बाईंचं इंग्रजी एकदा ऐका. पण तुम्ही काही इंग्रजीत बोलला नाहीत माझ्याशी."

"कोण म्हणत होतं?"

"सगळीच. तुमची पुतणी तर भांडलीच. म्हणाली, माझ्या काकूसारखं कुणाला येत नाही."

अजून दोन दिवस थांबा, एवढंच बाईंना म्हणायचं होतं. वाक्य इंग्रजीत तयार होतं, व्याकरणासकट. पण जीपवाल्यानं भोंगा वाजवला, मुलगी पळाली, आणि वाक्य तोंडातच राहिलं.

धुरळा खाली बसला. पोरं वर्गात जाऊन बसली. आतून हुंदके ऐकू येत होते. तासाची घंटा होऊन गेली तरी बाई दाराबाहेरच उभ्या होत्या. शेवटी पुतणीच डोळे पुसत बाहेर आली आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली.