डोंगर न पाहिलेली डोंगरी सायकल

मित्रांनो, आधी हसून घ्या, मग ऐका. मी एक डोंगरी सायकल आहे आणि आयुष्याची पहिली आठ वर्षं मी अशा गावात काढली, जिथे डोंगर सोडा, धड टेकाडसुद्धा नाही. कुंभकोणम् म्हणजे भातखाचरांच्या मधोमध वसलेलं, ताटासारखं सपाट गाव. आमच्याकडे चढ म्हणजे कावेरीवरचा पूल. तो ओलांडून आलेला माणूससुद्धा दुकानाच्या पायरीवर बसून पाणी मागतो.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या नळ्या जोडल्या, मला लाल रंग दिला, एकवीस गिअर बसवले, खोल खाचांचे जाडजूड टायर चढवले आणि खोक्यात घालून दक्षिणेला पाठवलं. खोक्यावर बर्फाच्या शिखराचं चित्र होतं. सगळ्या प्रवासात मी मनात मांडे खात होते की खोकं उघडेल तेव्हा समोर हेच शिखर असणार. खोकं उघडलं तेव्हा समोर एक कॉफीचं दुकान होतं, एक गाय होती आणि मुकुंदराव होते.

मुकुंदराव म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच होऊन गेले. गावातले तमिळ लोक अशा घरांना 'रायर' म्हणतात, म्हणून आमचं दुकान सगळ्यांना 'रायर सायकल कडै' म्हणूनच ठाऊक. गिऱ्हाइकाशी तमिळ आणि घरच्यांशी मराठी, असा मुकुंदरावांचा शिरस्ता. ती मराठीही इतकी जुन्या वळणाची, की पुण्याकडचे एक पाहुणे त्यांना म्हणाले, "तुम्ही बखरीसारखं बोलता." मुकुंदरावांना तो मोठाच मान वाटला. पुढे आठवडाभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

माझे लाड म्हणाल तर विचारू नका. दर्शनी भागात माझी जागा. रोज सकाळी मुकुंदराव मऊ फडक्याने मला पुसायचे. आयुधपूजेला दुकानातल्या हत्यारांबरोबर मलाही गंध आणि फुलं मिळायची. लोक थांबायचे, घंटी वाजवायचे, "काय वंडी आहे", म्हणजे काय गाडी आहे, म्हणायचे आणि साधी काळी सायकल घेऊन जायचे. कौतुक पोटभर आणि काम काडीचंही नाही. तुम्हाला म्हणून सांगते, अशा कौतुकाने अंगाला गंज चढत नाही, पण मनाला चढतो.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. सायकलच्या उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा. सपाट गावात कोणी पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर सायकल जागीच अडते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. मुकुंदरावांच्या वडिलांच्या काळी एक पोस्टमन असा पडला आणि त्याचे पुढचे दात गेले. तेव्हापासून आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सायकलीचा पुढचा ब्रेक ढिला करून देतात. गावात त्यावाचून कोणाचं अडलं नाही. सायकल थांबवायला मागचा ब्रेक पुरतो, आणि नाहीच पुरला तर पाय आहेतच.

मुकुंदराव माणूस सोन्यासारखा, पण बोलण्याची हौस दांडगी. एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "रायर, तुम्ही हिच्यावरून कधी मलै चढलात?" मलै म्हणजे डोंगर. "नाही" हा दोन अक्षरी शब्द तोंडातून निघायला काय हरकत होती? पण मुकुंदराव म्हणाले, "अनेकदा." झालं. त्या दिवशी एक छोटी थाप मारली, दुसऱ्या दिवशी तिला शेपूट फुटलं. दुकानात गर्दी नसली की ते फोनवर डोंगरातल्या सायकलस्वारांच्या चित्रफिती पाहायचे आणि संध्याकाळी त्याच गोष्टी स्वतःच्या म्हणून सांगायचे. धुक्यात वाट चुकल्याची गोष्ट होती. वळणावर रानगवा आडवा आल्याची तर इतकी रंगायची, की मी स्वतः त्यांच्यासोबत होते असा मलाच भास व्हायचा. आणि शेवटी आपल्या दुकानाची रीत डोंगराच्या नावावर खपवायचे: "उतारावर पुढच्या ब्रेकाला हात लावूं नये."

या गोष्टींवर जिचा सगळ्यांत जास्त विश्वास बसला, ती मधुमिता. ती तिरुविडैमरुदूरच्या शाळेत गणित शिकवते. तिचंही घर मराठी, म्हणून ती मुकुंदरावांना मामा म्हणते. तिने आमच्याकडून माझ्यासारखीच एक डोंगरी सायकल घेतली, मग तिच्या चार मैत्रिणींनी घेतल्या. रविवारी पाचही जणी कालव्याच्या बांधावरून चक्कर मारायच्या आणि परतताना दुकानात बसून मामांच्या गोष्टी ऐकायच्या. एका रविवारी मधुमिता म्हणाली, "मामा, आम्ही पच्चैमलैला जाणार. सायकलीने चढायचं आणि सायकलीने उतरायचं. तुम्ही पुढे, आम्ही तुमच्या मागे. तुमच्यासारखा जाणता माणूस आम्हांस कोठे मिळणार?"

मुकुंदरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी गुडघा दुखतो म्हणून पाहिलं, दुकान कोण सांभाळणार म्हणून पाहिलं. मधुमिता प्रत्येक अडचण गणितासारखी सोडवत गेली. ती गेल्यावर त्यांची पत्नी सीतालक्ष्मी आतून कॉफी घेऊन आली. तिला सगळं ठाऊक होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आपला नवरा सायकलीवरून शेजारच्या गोविंदपुरमच्या पलीकडे कधी गेला नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

"आतां काय करितां?" तिने विचारलं.

"जातों आणि येतों," मुकुंदराव म्हणाले. "चार पोरींसमोर माझी लाज जाऊं नये, इतकंच देवाजवळ मागणं."

"पोरी पांच आहेत," सीतालक्ष्मी म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

मित्रांनो, त्यांची पाचावर धारण बसली होती आणि मी मात्र आनंदाने वेडी झाले होते. पहाटे आम्हा सहा सायकलींना छोट्या टेम्पोत चढवलं. या टेम्पोला आमच्याकडे 'कुट्टी यानै' म्हणजे हत्तीचं पिल्लू म्हणतात. तुरैयूर मागे पडलं आणि डोंगर दिसला. मला वाटलं होतं, खोक्यावरच्या चित्रासारखा तो लांब, नीटनेटका उभा असेल. तो तर जवळ जवळ येत आमच्यावर ओणवा झाला. हिरवागार आणि एवढा मोठा. माझे टायर पायथ्याच्या मातीला लागले तेव्हा मला कळलं की या खाचा कशासाठी असतात.

चढ सुरू झाला. माझी साखळी मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्रावर जन्मात पहिल्यांदा चढली आणि कुरकुरली. पहिल्या वळणावर मुकुंदराव साखळी तपासायला म्हणून उतरले. दुसऱ्यावर देखावा पाहायला उतरले. तिसऱ्यावर उतरले, पण कारण सांगायला दम उरला नव्हता. मुली पुढे निघून गेल्या आणि आम्ही दोघं मागे, ते ढकलताहेत आणि मी ढकलली जातेय. थाप अंगाशी येते ती अशी.

वाटेत एका ओढ्यापाशी रस्ता थोडा खाली उतरतो. मुकुंदराव खूश झाले, माझ्यावर बसले. वारा लागला, मीही सुटले. मग वेग वाढला तसा त्यांनी सवयीने डावा ब्रेक दाबला. माझं मागचं चाक अडकलं, बारीक खडीवरून फरफटलं, पण मी थांबेना. त्यांनी उजवा ब्रेक दाबला. तो मुठीपर्यंत आला आणि काहीच झालं नाही. आम्ही दोघं सरळ घाणेरीच्या झुडपात गेलो.

लागलं फारसं नाही. धोतराला काटे आणि माझ्या हँडलला फुलं, एवढंच. मुकुंदराव तसेच झुडपात बसून राहिले. त्यांनी माझा उजवा ब्रेक दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हा ब्रेक त्यांच्याच हाताने ढिला झाला होता. वर गेलेल्या पाचही सायकलींचे ब्रेक त्यांनीच ढिले केले होते, आणि त्या पाची जणी आता सबंध डोंगर उतरणार होत्या. उठून त्यांनी मला अक्षरशः पळवत वर नेलं. एवढा दम कुठून आला, देव जाणे.

वर एक चहाची टपरी होती. मुली फणसाचे गरे खात बसल्या होत्या. शेजारी खाली तुरैयूरला जाणारी बस उभी होती आणि तिच्या टपावर वाडीतल्या लोकांच्या सायकली चढवत होते. मुकुंदरावांनी बसकडे पाहिलं. त्यांना तिकडे पाहताना मी पाहिलं. गुडघ्याचं निमित्त करून ते बसने गेले असते, तर त्यांची लाज शाबूत राहिली असती. तेवढ्यात मधुमिता मैत्रिणींना सांगत होती, "मामांनी सांगितलेलं ध्यानात आहे ना? उतारावर उजव्या हाताला विसरायचं."

"मधुमिता, उतरूं नको," मुकुंदराव म्हणाले. "ते खोटं आहे."

"काय खोटं?"

"सगळंच. मी आजवर कोणताच डोंगर चढलों नाही, उतरलोंही नाही. आज चढलों तोही ढकलत. आतां त्या ओढ्यापाशी झुडपात पडलों, तेव्हा कळलं. मागच्या ब्रेकाने डोंगरावर सायकल थांबत नाही. आणि तुमचे पुढचे ब्रेक मीच ढिले केलेत."

"आणि तो रानगवा?" एका मैत्रिणीने विचारलं.

"फोनवर पाहिला."

ती मैत्रीण फसकन हसली. मधुमिता हसली नाही. ती म्हणाली, "मामा, या सगळ्यांना मी तुमच्या शब्दावर आणलंय. यांच्या घरी जाऊन शब्द दिलाय." मुकुंदरावांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि कणवही आली. मग त्यांनी पिशवीतला पाना काढला आणि जमिनीवर बसले. एकेका सायकलीची तार ओढली, नट आवळला, मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली. मागचं चाक उचललं गेलं की मगच पुढची सायकल. मधुमिता शेजारी उभी राहून प्रत्येक ब्रेक स्वतः दाबून पाहत होती. बोलत मात्र नव्हती. मी शेवटची होते. माझी तार ताणली गेली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी माझी मूठ धरून मला उठवतंय.

पण उतरायचं कसं, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग टपरीसमोरच्या लहानशा उतारावर सगळ्यांनी सराव केला. वाडीतली मुलं रांगेत बसून फिदीफिदी हसत होती. एक-दोनदा धडपड झाली आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं की बूड मागे सरकवायचं आणि दोन्ही ब्रेक हळूहळू, थोडे थोडे दाबायचे. मुकुंदराव आपण होऊन सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. तेव्हा मधुमिता पहिल्यांदा बोलली. "पुढे तुम्ही चला. गोष्टी पुष्कळ ऐकल्या, आता तुमचे ब्रेक पाहूं दे."

आणि मित्रांनो, आम्ही उतरलो. काय सांगू? तोंडाने विठ्ठल विठ्ठल आणि हाताने दोन्ही ब्रेक, असे मुकुंदराव माझ्यावर बसले होते. वळणामागून वळण येत होतं. दगड लागले, खड्डे लागले, चिखल माझ्या नळ्यांवर उडाला आणि मी टायरांची प्रत्येक खाच वापरली. एका वळणावर खालून बस आली, रस्ताभर पसरून, भोंगा वाजवत. मुकुंदरावांनी हात वर केला नाही, हाक मारली नाही. ते फक्त थांबले. आणि त्यांच्यामागे पाचही सायकली एकामागोमाग एक थांबल्या. बस आम्हाला घासून निघून गेली. मधुमिता आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

मुकुंदरावांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. ही त्यांची शेवटची थाप.

गावात परतल्यावर त्यांनी दुकानाची जुनी रीत मोडली. येईल त्या सायकलीचे दोन्ही ब्रेक नीट करून देतात आणि पुढचा कसा हळू दाबायचा, ते कावेरीच्या पुलावर नेऊन शिकवतात. काही जुनी गिऱ्हाइकं त्यावरून अजून नाक मुरडतात. परवा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "रायर, तुम्ही डोंगरात गेला आहात का?" मधुमिता बाकावर कॉफी पीत बसली होती. मुकुंदरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकदाच. चढताना बहुतेक ढकलली आणि उतरताना फार भ्यालों." गृहस्थ गोंधळले. त्यांची मुलगी मात्र माझ्या जवळ आली, तिने माझे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि विचारलं, "आम्हालाही न्याल?"

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी सायकल असेल तर आज तिचे दोन्ही ब्रेक दाबून पाहा. ढिले असतील तर नीट करून घ्या. आणि मग तिला एकदा तरी अशा ठिकाणी न्या, जिथे त्यांची गरज पडेल.