पिस्तुलाला जागा पाहिजे

बोटीची तिकिटं हातात आली तेव्हा ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो समुद्राबद्दल नव्हता, जेवणाबद्दल नव्हता, खोलीला खिडकी आहे का याबद्दलही नव्हता. हे म्हणाले, "मग पिस्तूल कुठे ठेवायचं?"

लोक घर सोडताना गॅस बंद केला का, नळ बंद केला का, एवढंच बघतात. आमच्याकडे पिस्तूल. ह्यांना नेमबाजीचा नाद. महिन्यातून दोन रविवारी क्लबात जायचं, कागदी चकत्यांना भोकं पाडायची आणि त्या चकत्या घरी आणून मला दाखवायच्या. शाळेतून आलेलं मूल चित्र दाखवतं तशा. परवाना आहे, कागदपत्रं चोख आहेत. घरी आलं की रिकामं पिस्तूल डब्यात, डबा झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, गोळ्या दुसऱ्या पेटीत वेगळ्या कुलपात. कपाटाची किल्ली दोऱ्यात ओवून ह्यांच्या गळ्यात. अंघोळीलासुद्धा उतरत नाही. त्या किल्लीच्या निम्म्याने जरी मला जपलं असतं तर... जाऊ दे.

एरवी यात काही बिघडत नव्हतं, कारण हे घरातच असायचे. आता आठ दिवस आम्ही दोघंही नसणार होतो. आणि नेमक्या त्याच आठ दिवसांत लेकीच्या घरी रंगकाम निघालं होतं, म्हणून ती दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे राहायला येणार होती. थोरली दहा वर्षांची. घरातली कुठलीही फट तिला वर्ज्य नाही, म्हणून तिचं नाव मुंगी. धाकटा सहा वर्षांचा, टिल्लू.

"बोटीवर नेतो बरोबर," हे म्हणाले आणि लगेच तिकीटवाल्याला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण ह्यांचा चेहरा पाहिला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काका, फळं कापायचा चाकूसुद्धा चालत नाही."

"बरोबरच आहे. तुम्हाला काय कप्तानाला धमकावून बोट वळवायची होती?"

"मग कपाटातच राहू दे. किल्ली माझ्या गळ्यात, मी बोटीवर. झालं!"

तेव्हा मी सरळ सांगून टाकलं. "अहो, त्या पिस्तुलाची नीट सोय होत नाही तोवर मी बोटीवर पाय ठेवणार नाही. तुम्ही जा एकटे."

हे बोलणं मला सोपं नव्हतं. तेहतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. दरवर्षी नवी मुलं, तोच नकाशा. 'हा बघा समुद्र,' असं सांगून सांगून नकाशावरचा निळा रंग माझ्या बोटाने पुसट झाला. स्वतः मात्र मी समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नव्हते. चहूकडे नुसतं पाणी आहे आणि जमीन कुठेच नाही, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पण त्या पाण्याकडे बघताना माझ्या मनात ते कपाट असणार असेल, तर ते पाणी मला नको होतं.

शुक्रवारी संध्याकाळी लेक आणि मुलं आली. बोट रविवारी सकाळी. शनिवारी सकाळी चहाच्या वेळी ह्यांनी पुन्हा कपाटाचं गुणगान सुरू केलं. "जुन्या काळचं लोखंड आहे. किल्लीवाचून उघडून दाखवावं कुणी!"

"आजोबा, दाखवू?" मुंगी म्हणाली.

"दाखव की!"

मुंगी उठली. आम्ही सगळे मागोमाग खोलीत गेलो. तिने कपाटाच्या दाराला खालच्या बाजूने गुडघा लावला, दाराची मूठ हळूच एकदा वर उचलली आणि एकदा कडेला आपटली. दार कुरकुरत उघडलं.

हे पटकन पुढे झाले आणि डबा छातीशी धरला. डब्याला स्वतःचं कुलूप होतं म्हणून बरं. मग सावकाश माझ्याकडे वळले. "हे हिला कुणी शिकवलं?"

मी हातातल्या कपातला चहा घोटभर प्यायले. "गेल्या वर्षी तुम्ही क्लबात गेला होतात किल्ली घेऊन. मला शाल पाहिजे होती, ही शेजारीच उभी होती. कपाट तसंच उघडतं हो, कधीपासून. घरात सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना?"

"बाबा, मलासुद्धा," लेक म्हणाली. "शाळेत होते तेव्हापासून."

तीस वर्षं ज्या किल्लीपायी गळ्यावर दोऱ्याचा वळ उठला, ती हातात घेऊन हे तिच्याकडे बघत राहिले. मला जरा वाईट वाटलं. फार नाही.

पण माणूस हार मानणारा नव्हे. "ठीक आहे," हे म्हणाले. "कुलूप नाही तर नाही. मी असं लपवीन की बारा वर्षं कुणाला सापडणार नाही."

आता इथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. दर सुट्टीत मुलं आली की मी त्यांच्याशी शोधाशोध खेळते. एक लाकडी बटण लपवायचं आणि मुलांनी शोधायचं. आधी ती सगळं घर उलथंपालथं करायची. मग मी त्यांना नीट बघायला शिकवलं. वस्तू शोधू नका, लपवणाऱ्या माणसाला शोधा. कुठली धूळ पुसली गेलीय? कुठलं स्टूल हललंय? कुणाच्या बाहीला काय लागलंय? चार सुट्ट्यांत दोघं इतकी तयार झाली की आता बटण लपवताना मलाच घाम फुटतो. शिकवणं यशस्वी झालं की मास्तराला आनंद होतो. तो आनंद मला त्या शनिवारपर्यंत होता.

"खऱ्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही," मी ह्यांना म्हटलं. "डबा माझ्यासमोर टेबलावर राहील. त्याच्याऐवजी माझी चष्म्याची रिकामी डबी घ्या. ती लपवा. मुलांना तासाभरात सापडली नाही तर मी हरले, मी बोटीवर येते."

"आणि सापडली तर?"

"तर पिस्तूल भिंगवाल्याकडे."

ह्यांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला.

भिंगवाला म्हणजे बाजारपेठेतला शस्त्रांचा दुकानदार. लोक परगावी जाताना आपली शस्त्रं त्याच्याकडे रीतसर पावती घेऊन ठेवायला देतात. त्यात नवीन काही नाही. अडचण अशी की तो ह्यांच्याच क्लबात आहे आणि दोन वर्षांपूर्वी स्पर्धेत तोच पंच होता. ह्यांची शेवटची गोळी नऊच्या रेषेला चाटून गेली, असं हे म्हणतात. त्याने खिशातून भिंग काढलं, चकतीला नाक लावून पाहिलं आणि म्हणाला, "आठ." त्या एका गुणापायी ह्यांचा पहिला नंबर गेला. तेव्हापासून त्याचं नाव भिंगवाला आणि त्याच्याशी बोलणं बंद. त्याच्या दारात हात जोडून उभं राहायचं, तर हे त्यापेक्षा समुद्रात उडी टाकतील.

"तासाभरात?" हे म्हणाले. "दिवसभर शोधू देत!"

मी, लेक आणि मुलं गच्चीवर गेलो. डबा माझ्या मांडीवर. खालून बराच वेळ खुडबुड ऐकू आली, मग काहीतरी पडलं, मग हे स्वतःलाच काहीतरी बोलले, मग शांतता. शेवटी हाक आली. "या रे!"

हे बैठकीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. वाचणारा माणूस इतका स्थिर नसतो.

टिल्लू लगेच गाद्या उचलायला धावला. मुंगी जागची हलली नाही. ती आजोबांभोवती एक फेरी मारून आली. मग त्यांच्या पाठीवरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं.

"आजोबा, तुमच्या पाठीला जाळं लागलंय."

"पंख्याचं असेल."

"पंखा आईने काल पुसलाय. जाळं फक्त माळ्यावर आहे."

"असेल बुवा. माळ्यावर जाऊन बघ हवं तर," हे अगदी सहज म्हणाले. माझ्या लक्षात आलं, माळ्यावर ते मुद्दाम गेले होते. फसवायला. मनात म्हटलं, वा, गडी तयारीचा आहे.

पण मुंगी माळ्याकडे गेलीच नाही. "तुम्ही मला जा म्हणताय म्हणजे तिथे नाही," ती म्हणाली आणि टिल्लूला हाक मारली. "तू आजोबांच्या मांडीवर बस आणि कानाकडे बघ. मी घरभर फिरते. कान लाल झाला की ओरड."

"हे नियमात नाही!" हे ओरडले.

"आजी, आहे का नियमात?"

"माणसाला शोधा, असाच नियम आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

मुंगी स्वयंपाकघरात गेली. टिल्लू गप्प. न्हाणीघरात गेली. गप्प. झोपायच्या खोलीत गेली, पलंगाखाली वाकली. गप्प. मागच्या दाराशी, जिथे आम्ही जुने बूट ठेवतो, तिथे तिची पावलं वाजली.

"लाल!" टिल्लू किंचाळला. "दोन्ही!"

चष्म्याची डबी ह्यांच्या पावसाळी बुटात, मोज्यात गुंडाळून, वर वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवलेली निघाली. मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. त्यातली दोन मुंगीने पाणी पिण्यात घालवली होती.

मुलं नाचत होती. ह्यांनी मात्र तो बूट उचलून जागेवर ठेवला. मला वाटलं चिडले. पण मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, बुटात मी खरं पिस्तूलच ठेवणार होतो. कपाट उघडलं ना तिने, तेव्हाच ठरवलं होतं. रात्री तुला न सांगता."

काही वेळा मुलाला आपलं उत्तर चुकलंय हे स्वतःहून कळतं. तेव्हा फळ्यावर पुन्हा फुली मारायची नसते.

"किती वाजलेत?" ह्यांनी विचारलं.

"साडेबारा. तो शनिवारी दोनला बंद करतो."

ह्यांनी परवाना घेतला, डबा घेतला, गोळ्यांची पेटी वेगळ्या पिशवीत घेतली. मुलं बरोबर यायचं म्हणून हटून बसली. लेक म्हणाली, मी त्यांना दाराशी बाकावर बसवते. अशी आमची वरात निघाली.

भिंगवाला काउंटरमागे डबा उघडून जेवत होता. ह्यांना पाहून त्याचा घास हातातच राहिला. "या या! वाट चुकलात?"

"ठेवायला द्यायचंय. आठ दिवस," हे भिंतीकडे बघून म्हणाले.

"आठ? नऊ नाहीत ना? नीट मोजलेत?"

ह्यांचे कान पुन्हा लाल झाले. बाकावरून टिल्लू ओरडणार होता, लेकीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी ह्यांच्या कोपराला हलकेच धरलं. हे राग गिळून म्हणाले, "आठ. तुम्ही म्हणाल ते."

भिंगवाल्याला बहुधा हे अपेक्षित नव्हतं. त्याने हात धुतले, जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि एकदम दुसराच माणूस झाला. पिस्तूल बाहेर काढून त्याची नळी भिंतीकडे धरली, मागचा भाग ओढून आत पाहिलं, रिकाम्या जागेत बोट घालून खात्री केली. मग पुन्हा तेच सगळं, पहिल्यापासून.

"अहो, रिकामंच आहे. मी स्वतः पाहिलंय," हे म्हणाले.

"मी नाही ना पाहिलेलं," तो म्हणाला. मग खिशातून भिंग काढून पिस्तुलावरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला. या खेपेला ह्यांनी त्या भिंगाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"आत कुठे ठेवणार?" ह्यांनी शेवटी विचारलंच.

भिंगवाल्याने मागे बोट दाखवलं. भिंतीत एक जाड लोखंडी दार होतं आणि त्याच्यावर हातभर लांबीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शस्त्रे'.

"पाटी लावलीय?" हे थक्क झाले. "सगळ्या जगाला दिसतंय की!"

"दिसू दे ना. दोन किल्ल्या लागतात. एक माझ्याकडे, एक भावाकडे, आणि तो राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी एकटा ठरवलं तरी मला उघडता येत नाही. आज तो दोनला येणार, तोवर मी इथून हलत नाही."

मुंगी बाकावरून मान उंच करून ते दार बघत होती. वरून खाली, खालून वर. बिजागऱ्या पाहिल्या, भिंत पाहिली, भिंगवाल्याचे कानसुद्धा पाहिले. मग नाराज होऊन म्हणाली, "आजी, यात शोधायचं काय? कुठे आहे ते माहीतच आहे. काढता मात्र येणार नाही."

"हो ना," मी म्हटलं. "अगदीच कंटाळवाणी जागा आहे."

त्या क्षणी माझ्या मनातलं ते कपाट गेलं आणि तिथे पाणी दिसू लागलं, चहूकडे.

भिंगवाल्याने फॉर्म पुढे सरकवला. नाव, पत्ता, नंबर, तारीख. शेवटी एक रकाना, 'ठेवण्याचे कारण'. ह्यांनी पेन उचललं, जरा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: नातवंडं हुशार आहेत.

भिंगवाल्याने वाचलं. "असं चालत नाही. 'प्रवास' लिहा."

"प्रवास मी पूर्वीही केलाय. आलो होतो का तुमच्याकडे? खरं कारण विचारलंत, खरं लिहिलं."

त्याने फॉर्म पुन्हा एकदा वाचला. मग बाकाकडे पाहिलं. तिथे टिल्लू आता त्याच्याच कानांवर नजर लावून बसला होता. भिंगवाल्याने आपला एक कान चाचपला, शिक्का शाईत बुडवला आणि फॉर्मवर उमटवला.

"नीट जाऊन या," तो म्हणाला. "आणि वहिनी, बोटीवर ह्यांना कुठल्याही स्पर्धेत उतरू देऊ नका."

"चला हो," मी ह्यांना म्हटलं. पावणेदोन वाजले होते आणि माझी बॅग अजून भरायची होती.