उष्टा चमचा

तिनं जंतूंच्या डीएनएच्या पट्ट्यांचे तिन्ही फोटो पुन्हा शेजारीशेजारी मांडले. दंतवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती दात किडवणाऱ्या जंतूंवर काम करत होती. साखर मिळाली की आम्ल तयार करून दाताचं कवच पोखरणारे हे जंतू जन्मतः तोंडात नसतात. बहुतेकदा भरवणाऱ्याच्या लाळेतून येतात. पद्धत तपासायला तिनं घरच्यांचेच नमुने घेतले होते: आईचा, ताईचा आणि स्वतःचा. आपल्या जंतूंच्या पट्ट्या आईच्या जंतूंशी जुळणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

जुळल्या ताईशी. एकूण एक.

नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून तिनं सगळं पहिल्यापासून केलं. उत्तर तेच आलं.

संध्याकाळी तिनं आईला विचारलं, "लहानपणी मला कोण भरवायचं गं?"

भाजी निवडणारे आईचे हात थांबले.

"तू वर्षाची होतीस. मी दहा महिने दवाखान्यात पडून होते, बाबांची फिरतीची नोकरी. ताई शाळा सोडून तुझ्यासाठी घरी बसली."

"पण ती तर सहावीत नापास झाली होती ना?"

"परीक्षेलाच बसली नाही ती. मी कितीदा तुला सांगायला निघाले, तिनंच अडवलं. म्हणाली, तिला कशाला उगाच ओझं?"

स्वतःला पदवी मिळाली तेव्हा पाहुण्यांसमोर तिनं ताईच्या नापास होण्यावरून विनोद केला होता. सगळ्यांत मोठ्यानं ताईच हसली होती.

रविवारी ती ताईच्या शिवणाच्या दुकानात गेली. तिनं सगळं सांगितलं, तशी ताईनं मशीन थांबवलं. तिचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे तुझ्या चार दाढा माझ्यामुळे किडल्या? अगं, जरा गरम लागलं की तू तोंड फिरवायचीस. मग मी आधी चाखून बघायचे नि त्याच चमच्यानं तुला भरवायचे. मला काय ठाऊक!"

तिनं स्टूल ओढलं, ताईला खेटून बसली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"औषधानं जातील का गं ते जंतू?" ताईनं विचारलं.

"एकदा घर केलं की सहसा जात नाहीत."

"अरे देवा!"

"राहू देत, ताई," ती म्हणाली.