चालताना बोलायचं

सुनेला टाका घातला आहे, एवढंच मुलानं सांगितलं होतं. कुठे घातला ते त्यानं सांगितलं नाही आणि म्हाताऱ्यानं विचारलं नाही. सगळी नोकरी वाचनालयात झालेली. पुस्तकातलं काहीही विचारा, पण घरातल्या बाईमाणसाच्या दुखण्याचा विषय निघाला की हा चष्मा पुसायला घ्यायचा.

मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात मूल गेलं होतं. त्यावर घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नव्हता. या वेळी चौथा सरत आला होता आणि सगळेजण जपून श्वास घेत होते.

काही दिवस पडून राहिल्यावर डॉक्टरांनी तिला घरातल्या घरात चालायची परवानगी दिली. ती शाळेत खेळाची शिक्षिका. पडून पडून अंग आंबून गेलं होतं. मुलगा कामावर जाताना वडिलांना म्हणाला, तुम्ही फक्त लक्ष ठेवा.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, याचा म्हाताऱ्यानं बराच विचार केला. तिला मध्येच चक्कर आली तर? म्हणून त्यानं बाहेरच्या लांब खोलीत खिडकीपर्यंत खुर्च्या मांडल्या. कुठेही थांबली तरी हाताशी बसायला हवं. शेवटी खिडकीपाशी त्यानं स्वतःची वाचायची जड खुर्ची ओढून ठेवली.

सून बाहेर आली आणि दारातच थबकली.

"बाबा, संगीत खुर्ची आहे का आज?"

तो कानापर्यंत लाल झाला. त्याला वाईट वाटू नये म्हणून तिनं खुर्च्या हलवायला सांगितलं नाही. खुर्च्यांमधून वाट काढत ती खिडकीपर्यंत गेली. जड खुर्ची वाटेतच होती. शाळेत रोज कसरतीच्या गाद्या ओढायची सवय. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची रेटली. मग पोटाशी हात धरून त्याच खुर्चीत बसली. चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यानं टॅक्सी बोलावली आणि तिला दवाखान्यात नेलं. टॅक्सीत तिनं डोळे मिटून घेतले होते. आपण मांडलेल्या खुर्च्या त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. टाका जागेवर होता, बाळही ठीक होतं. स्नायूला ताण बसला होता. मग त्यांनी त्याला आत बोलावलं आणि पिशवीचं तोंड वेळेआधी उघडू नये म्हणून तिथे टाका घातला आहे, असं सरळ सांगितलं. तो आपल्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिला, पण उठून गेला नाही. उलट त्यानंच विचारलं,

"मग तिनं पडूनच राहायचं?"

"नाही. आज आराम, उद्यापासून सपाट जागी सावकाश चालू दे. ढकलणं, उचलणं, उकिडवं बसणं नको. पोटात कळ आली, रक्त गेलं, पाणी गेलं, तर लगेच इकडे यायचं. आणि चालताना तिला बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की थांबायचं. बरोबर कोण असतं?"

"मी," तो म्हणाला.

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं. या माणसाशी लग्नापासून तिचं जेवढं बोलणं झालं होतं, ते खोलीच्या एका फेरीतही संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी खोली मोकळी होती. खुर्च्या भिंतीला लागल्या होत्या. तो तिच्या बाजूनं चालू लागला. पहिल्या फेरीत त्यानं हवेबद्दल विचारलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा हवेबद्दलच विचारलं.

"बाबा, हवा तीच आहे," ती म्हणाली.

तो खिडकीपाशी वळला. त्याचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

"मागच्या वेळी," तो म्हणाला, "नाव ठरवलं होतं का तुम्ही?"

ती वळून दाराकडे चालू लागली. मग तिनं नाव सांगितलं. त्या घरात ते पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. नाव कुणी सुचवलं, नवऱ्यानं आधी कशी नाकं मुरडली, मग तोच कसा पोटाशी तोंड नेऊन त्या नावानं हाका मारायचा, सगळं ती सांगत गेली. तो कान देऊन ऐकत होता, नेमकं काय ऐकायचं ते आता त्याला ठाऊक होतं.

धाप लागली नव्हती.

"आणखी एक फेरी?" त्यानं विचारलं.

"चला," ती म्हणाली.